रोज रात्री फेल होणारी टेस्ट आणि अठरा-तीसची खूण

पत्राचा सारांश: वाचक मैत्रीण नाशिकच्या, सातपूरमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांपासून काम करतात. कंपनीचं मुख्य काम द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी: बागेतून आलेल्या क्रेटची आवक, पॅकिंग, प्रीकूलिंग, कंटेनर भरणं, युरोपातल्या खरेदीदाराला जाणारी कागदपत्रं. भाषा जावा, डेटाबेस पोस्टग्रेस. इंटिग्रेशन टेस्ट (कोड आणि डेटाबेस जोडून घेतलेली तपासणी) डॉकरमधल्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच उभा राहणाऱ्या बंद डब्यातल्या, खऱ्या पोस्टग्रेसवर चालतात आणि त्यासाठी लागणारा डेटा एक जनरेटर रँडम तारखा-वेळा घालून तयार करतो. रात्री दोन वाजता सर्व्हरवर बिल्ड होतो, म्हणजे सगळा कोड जोडून टेस्ट चालवल्या जातात, आणि ‘आजची आवक’ या अहवालाची टेस्ट रोज फेल होते. सकाळी दहाला तोच बिल्ड पुन्हा चालवला की पास. एकदा त्या स्वतः रात्री दोनपर्यंत जागल्या, घरच्या लॅपटॉपवर तीच टेस्ट चालवली, तर तिथेही पास. शिवाय महिन्यातून एखाद-दोनदा डिलिव्हरीच्या वेळांच्या टेस्टमध्ये एका तासाचा फरक येतो आणि पुन्हा चालवलं की नाहीसा होतो. लीड म्हणतात, “रँडम डेटा आहे, होतं कधीकधी. परत चालवायचं.” टीममधला एक जण म्हणतो सगळं यूटीसी (जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) करा, दुसरा म्हणतो सगळं भारतीय वेळेत ठेवा. त्या विचारतात: कोणाचं ऐकू? की डेटातल्या तारखा ठरावीक लिहून टाकू आणि विषय संपवू? जनरेटरचा आणि क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) तुकडा त्यांनी सोबत जोडलाय. पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली एक ओळ आहे: “एका पॅकहाउसचे सुपरवायझर सारखे सांगतात की रात्रपाळीच्या पेट्या आदल्या दिवसात दिसतात, पण त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं असेल.”

प्रिय मैत्रिणी,

तुमची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण उत्तर तिथेच आहे. सुपरवायझरांचं घड्याळ बिघडलेलं नाही. तुमची रात्रीची टेस्टही बिघडलेली नाही. ते पॅकहाउसमधून जे सांगताहेत तेच ती सर्व्हरवरून सांगते आहे, आणि तुम्ही सगळे मिळून दोघांनाही गप्प बसवताय. हे दोष द्यायला लिहीत नाहीये. ऐन हंगामात, डोक्यावर कामं असताना, लाल झालेला बिल्ड सकाळी आपोआप हिरवा होत असेल तर कोणीही पुढच्या कामाला लागेल.

तुमच्या जनरेटरमध्ये ‘आज’ काढताना एशिया/कोलकाता हा झोन (भारतीय वेळेचा पट्टा) स्पष्ट लिहिलाय. अहवालाच्या क्वेरीत मात्र नुसतं करंट-डेट आहे. करंट-डेट कोणाची तारीख देतं? डेटाबेसच्या त्या सेशनचा, म्हणजे त्या जोडणीचा, जो झोन असेल, त्याची. रात्री दोनला, म्हणजे समजा १२ तारीख लागून दोन तास झाल्यावर, यूटीसीत आदल्या दिवशीचे साडेआठ वाजलेले असतात. जनरेटर म्हणतो आज १२, डेटाबेस म्हणतो आज ११. आवक १२ ची घातली, अहवाल ११ चा मागितला, टेस्ट फेल. सकाळी साडेपाच वाजले की यूटीसीतही १२ तारीख लागते आणि भांडण मिटतं. दिवसाच्या चोवीसपैकी साडेपाच तास, जवळपास २३ टक्के वेळ, ही टेस्ट फेल होणारच. ज्या गोष्टीची वेळ घड्याळ लावून सांगता येते तिला लहरी म्हणू नये.

मग लॅपटॉपवर रात्री दोनला ती पास का झाली? इथे तुमचं एक गृहीत तपासू या. तुम्ही लिहिलंय, “डेटाबेस तर दोन्हीकडे तोच आहे, डॉकरची तीच इमेज.” इमेज तीच आहे, सेशन तेच नाही. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) जोडणी करताना जावाच्या मशीनचा स्वतःचा झोन डेटाबेसला कळवतो आणि सेशन त्या झोनवर चालतं. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर, त्यामुळे सेशन भारतीय. बिल्ड सर्व्हर यूटीसीवर, त्यामुळे सेशन यूटीसीचं. कॉन्फिगरेशनच्या एकाही फाइलमध्ये हे लिहिलेलं नसतं, म्हणून कितीही जागलात तरी लॅपटॉपवर ते दिसणार नव्हतं. आणि तुमचा प्रॉडक्शन सर्व्हरही, म्हणजे पॅकहाउस रोज वापरतात तो, यूटीसीवर असणार. मध्यरात्री एकला भरलेली पेटी तिथे आदल्या दिवशीच्या १९:३० ला भरलेली ठरते. सुपरवायझर तेच तर सांगताहेत.

आता क्वेरी दुरुस्त करायला धावण्याआधी एक काम करा. त्या सुपरवायझरांना फोन करा, जमलं तर पॅकहाउसला जाऊन या, आणि विचारा: तुमचा दिवस कधी सुरू होतो?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरात पंचांग असेल तर बघा, तिथं वार सूर्योदयाला बदलतो आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. मध्यरात्रीचा दिवस आपण कॅलेंडरसाठी घेतला, पण ‘दिवस’ ही ठरवायची गोष्ट आहे हे आपल्या आजीलाही माहीत होतं. पॅकहाउसमध्ये रात्री आठला सुरू झालेली पाळी पहाटे चारला संपते. त्यातल्या बारानंतरच्या पेट्या नव्या तारखेला मोजायच्या की पाळी सुरू झाली त्या तारखेला? मजुरी पाळीवर दिली जात असेल तर कदाचित दुसरंच बरोबर. गंमत अशी की यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, नाशिकच्या सूर्योदयाच्या थोडा आधी, त्यामुळे काही पॅकहाउसना तुमचा चुकीचा अहवाल नकळत बरोबरही वाटत असेल. तो नकळत बरोबर राहू नये. उत्तर मध्यरात्र असो की पहाट, ते कोडमध्ये एका जागी लिहिलेलं असावं, त्याला नाव असावं, आणि टेस्टमध्ये ठीक त्या सीमेच्या एक मिनिट अलीकडची आणि एक मिनिट पलीकडची पेटी असावी.

यूटीसी की भारतीय वेळ, या वादाकडे येते. तुमचे दोन्ही सहकारी असं धरून चाललेत की ‘वेळ’ ही एकच वस्तू आहे आणि फक्त ती कुठल्या डब्यात ठेवायची एवढं ठरवायचंय. मला वाटतं इथेच गाडी अडते. तुमच्याच स्कीमात (डेटाबेसच्या आराखड्यात) तीन वेगळ्या वस्तू आहेत.

कंटेनरला सील लागलं, तो एक क्षण. नाशिकमधून बघा की रॉटरडॅमहून, क्षण तोच. याच्यासाठी पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन. नावावर जाऊ नका, हा प्रकार झोन साठवत नाही. आत येताना यूटीसीत बदलतो, मूळ झोन विसरतो आणि बाहेर जाताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. ‘खरेदीदारानं कुठल्या झोनमधून भरलं’ हे हवं असेल तर झोनच्या नावाचा वेगळा कॉलम लागतो. पण क्षणासाठी हाच प्रकार योग्य, आणि इथे यूटीसीवाल्या सहकाऱ्याचं म्हणणं पूर्ण खरं.

शेतकऱ्यानं फवारणी केली, ती तारीख. पीएचआय (फवारणी आणि काढणी यांत राखायचं अंतर) दिवसांत मोजतात, तासांत नाही. शेतकऱ्याची जन्मतारीखही तशीच. हिला ना तास आहे ना झोन, आणि तो चिकटवायचाही नाही. कॉलमचा प्रकार डेट, जावात लोकलडेट, बस्स. इथे यूटीसी आणाल तर नुकसान कराल.

याची एक खूण सांगते, आयुष्यभर उपयोगी पडेल. एखाद्या टेबलमध्ये वेळेच्या कॉलमला १८:३०:०० असा आकडा ओळीनं दिसला की थांबा. कोणीतरी भारतातल्या तारखेला मध्यरात्र चिकटवून ती यूटीसीत ढकललेली असते. १ जानेवारीची मध्यरात्र ३१ डिसेंबरचे अठरा-तीस होते, आणि कोणी त्यातून पुन्हा नुसती तारीख काढली की एक दिवस गेला. मी हे करून बसले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी बाळांच्या लसीकरणाची आठवण पाठवणारी प्रणाली लिहिली होती आणि जन्मतारीख अशीच साठवली. संदेश एक दिवस आधी जायचे. लांबच्या गावाहून एक आई बाळाला घेऊन आली आणि तिला उद्या या म्हणून सांगितलं गेलं. आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण लिहिणारा कोड, वाचणारा कोड आणि टेस्ट एकाच लॅपटॉपवर, एकाच झोनमध्ये चालत होते. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही.

तिसरी वस्तू सगळ्यात दुर्लक्षित: पुढची ठरलेली स्थानिक वेळ. ‘रॉटरडॅमच्या गोदामात ३१ मार्चला सकाळी आठची डिलिव्हरी.’ हा अजून क्षण नाही, हा तिथल्या घड्याळाशी केलेला करार आहे. फेब्रुवारीत नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले आठ ते आपले दुपारचे साडेबारा. पण २९ मार्च २०२६ ला तिथलं घड्याळ एक तास पुढे जातं, फरक साडेतीन तासांवर येतो आणि ३१ मार्चचे तिथले आठ आपल्याकडे साडेअकराला वाजतात. फेब्रुवारीत कोणी साडेचार तास मिळवून वेळ साठवली असेल तर ट्रक तासभर उशिरा पोचेल. यासाठी स्थानिक वेळ जशीच्या तशी आणि शेजारी ‘युरोप/अ‍ॅमस्टरडॅम’ हे झोनचं नाव, असे दोन कॉलम ठेवा. नुसता अधिक एक हा आकडा ठेवू नका. नियम बदलू शकतात: घड्याळं पुढे-मागे करणं २०२१ पासून बंद करावं असं मतदान युरोपीय संसदेनं मार्च २०१९ मध्ये केलं होतं, ते अजून अमलात आलेलं नाही. उद्या आलं तर ज्यांनी करार साठवलाय त्यांचा डेटा बरोबर राहील, ज्यांनी तो आधीच यूटीसीत बदलून मूळ वेळ फेकली त्यांचा नाही.

या घड्याळबदलाला तुम्ही दूरची गोष्ट समजू नका. आपला निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. युरोपाचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे कंटेनर समुद्रात असताना. फेब्रुवारीअखेर न्हावा शेव्याला चढलेला माल एका वेळापत्रकावर निघतो आणि दुसऱ्या वेळापत्रकावर उतरतो.

तुमची दुसरी तक्रार, महिन्यातून एखाद-दोनदा येणारा एका तासाचा फरक, तीही इथेच सुटते. समजायला पुन्हा पंचांगच घेऊ. क्षयतिथी म्हणजे जिला एकही सूर्योदय मिळत नाही ती. वृद्धितिथी म्हणजे जी दोन सूर्योदयांना असते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्चच्या त्या रविवारी दोन ते तीन या तासाचा क्षय होतो: दोन वाजायच्या क्षणी थेट तीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याच तासाची वृद्धी होते, दोन ते तीन दोनदा येतं. तुमचा जनरेटर अ‍ॅमस्टरडॅमसाठी वर्षभरातली कुठलीही रँडम वेळ उचलतो. ८,७६० तासांत असे वाकडे तास दोन. एका रनमध्ये शंभर वेळा तयार होत असतील तर साधारण ४४ रनमागे एकदा तो त्यात सापडणार. तुमचं ‘महिन्यातून एखाद-दोनदा’ या हिशोबात नीट बसतं.

त्यात काय होतं तेही बघा. ३० मार्च २०२५ ची पहाटेची अडीच ही वेळ अ‍ॅमस्टरडॅममध्ये अस्तित्वातच नव्हती. जावाला दिलीत तर झोन्डडेटटाइम ती निमूटपणे साडेतीन करतं. पोस्टग्रेसही साडेतीनच करतो. लिहिलं अडीच, वाचलं साडेतीन. ऑक्टोबरमध्ये मात्र दोघांचं पटत नाही. २६ ऑक्टोबर २०२५ ची पहाटेची अडीच दोनदा आली. जावा त्यातली पहिली धरतं, यूटीसीत ००:३०. पोस्टग्रेस दुसरी धरतो, ०१:३०. दोघांपैकी कोणी चूक नाही, दोघांच्या दस्तऐवजात आपापला नियम लिहिलेला आहे. पण तुमचा कोड एका ठिकाणी जावात रूपांतर करतो आणि अहवालात डेटाबेसकडून करून घेतो, म्हणून एक तास फुटतो. उपाय: रूपांतर एकाच बाजूला करा. माझी पसंती जावाला, कारण तिथे क्षयाच्या तासाला नकार द्यायचा की पुढे ढकलायचं हे तुम्ही ठरवू शकता आणि त्याची टेस्ट लिहू शकता.

मग रँडम डेटा टाकून द्यायचा का? रँडम म्हणजे सखोल, असं आपल्याला वाटतं. तारखांच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. खऱ्या चुका वर्षातल्या मोजक्या तासांना चिकटून असतात आणि रँडम फासा तिथे क्वचित पडतो. खरी माणसंही रँडम नसतात. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या यादीत जन्मतारखा बघा, जुन्या पिढीत १ जून किती जणांची निघते! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. तुमचा जनरेटर वर्षभर सारख्या तारखा पसरतो, त्यामुळे ‘एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच जन्मतारखेचे तिघे’ ही नाशिक जिल्ह्यात रोज भेटणारी स्थिती त्याला कधी भेटतच नाही.

म्हणून मी असं करीन. हातानं निवडलेल्या वेळांची एक छोटी यादी, जी प्रत्येक रनमध्ये असतेच. आणि तिच्या जोडीला रँडम, पण बीज (ज्या आकड्यापासून रँडम मालिका सुरू होते तो) नोंदवून. बीजाचा आकडा लॉगमध्ये छापला की फेल झालेला रन जसाच्या तसा पुन्हा चालवता येतो आणि ‘परत कधी सापडत नाही’ हे वाक्य बंद होतं. जनरेटर ‘आता’पासून मागे मोजत असेल तर तो ‘आता’ही छापा, नाहीतर तेच बीज उद्या वेगळ्या तारखा देईल.

यादीत भारतीय मध्यरात्र आणि पहाटेचे साडेपाच, दोन्हीच्या एक मिनिट अलीकडे-पलीकडे. मार्च-ऑक्टोबरचे ते दोन रविवार अ‍ॅमस्टरडॅमसाठी. २९ फेब्रुवारी २०२८. आणि १ एप्रिलची मध्यरात्रीनंतरची साडेबारा, ही माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात महागाची: यूटीसीत ते ३१ मार्चचे १९:०० होतात, म्हणजे नव्या आर्थिक वर्षातलं पहिलं बिल जुन्या वर्षात आणि मार्चच्या जीएसटीत जाऊन बसतं. ऐन हंगामात ३१ मार्चच्या रात्री पॅकहाउस चालू असतंच.

अजून एक तारीख घाला, १ जून १९४३. ती का? दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो आणि एशिया/कोलकाता या झोनला ते माहीत आहे. कोणी जन्मतारखेला मध्यरात्र लावून साठवली आणि परत आणताना नुसते साडेपाच तास मिळवले, तर १ जूनचे आजोबा ३१ मेच्या रात्री अकराला जन्मतात. तुमच्या याद्यांत ऐंशीच्या पुढचे सातबाराधारक नक्की आहेत. (मुंबईनं तर आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सांभाळली होती, यूटीसीच्या चार तास एकावन्न मिनिटं पुढे. झोनच्या यादीत ती नाही. आपल्या तालुक्याच्या जुन्या कागदावरची वेळ कुठल्या घड्याळाची होती, हे कॉम्प्युटरला विचारून कळणार नाही.)

झोनचं नाव लिहिताना ‘आयएसटी’ टाळा. यूटीसी सेशनमध्ये पोस्टग्रेसला मूळ सेटिंगप्रमाणे आयएसटी म्हणजे इस्रायल वाटतं, यूटीसीच्या फक्त दोन तास पुढे. ‘यूटीसी+५:३०’ असंही झोनचं नाव म्हणून देऊ नका. तिथे जुन्या पॉझिक्स (युनिक्सच्या मानकाच्या) पद्धतीनं चिन्ह उलटं वाचलं जातं आणि तुम्ही पश्चिमेला अटलांटिकपलीकडे जाऊन पडता. पूर्ण नाव, एशिया/कोलकाता, प्रत्येक वेळी.

ठरावीक तारखा लिहून टाकण्याबद्दल तुम्ही विचारलंत. कल्पना अर्धी चांगली आहे. डेटातली तारीख गोठवली आणि क्वेरी मात्र खरं ‘आता’ विचारत राहिली, तर टेस्ट आज पास होईल आणि ‘गेल्या ९० दिवसांची आवक’ मागणारी तीच टेस्ट चौथ्या महिन्यात फेल होईल. गोठवायचं तर घड्याळ गोठवा. जावात क्लॉक नावाचा वर्ग याच कामासाठी आहे. सगळ्या कोडला ‘आता’ त्याच्याकडूनच घ्यायला लावा आणि क्वेरीला तारीख पॅरामीटर म्हणून द्या. करंट-डेट आणि नाऊ हे शब्द क्वेरीतून काढा. पोस्टग्रेसचं नाऊ तसंही ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला एक सलग व्यवहार) सुरू झाल्याची वेळ देतं, चालू क्षणाची नाही. तुमच्या टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात, त्यामुळे त्यात घातलेल्या वीसच्या वीस पेट्यांची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत एक असणार आणि ‘नवी आधी’ हा क्रम तपासणारी टेस्ट नशिबावर चालणार. मायक्रोसेकंदावरून आठवलं: पोस्टग्रेस तेवढंच साठवतो, लिनक्सवरचं नवं जावा नॅनोसेकंद देतं. लिहिलेली आणि वाचलेली वेळ ताडून बघायची तर जनरेटरमध्येच मायक्रोला छाटून घ्या.

आणि एक सवय, जिला फार कष्ट नाहीत: पूर्ण टेस्ट संच तीनदा चालवा, जावाचा झोन बदलून. एकदा एशिया/कोलकाता, एकदा यूटीसी, एकदा पॅसिफिक/किरितिमाती, जे यूटीसीच्या चौदा तास पुढे आहे. कोड झोनवर विसंबून नसेल तर तिन्हीकडे निकाल सारखाच यायला हवा. जिथे बदलेल तिथे कोणीतरी मशीनच्या झोनला न विचारता हात लावलाय. सगळं भारतीय वेळेत ठेवण्याच्या सूचनेवर माझा आक्षेप हाच आहे. आपल्या झोनमध्ये घड्याळ आता पुढे-मागे होत नाही, त्यामुळे तिथे टेस्ट निवांत पास होतात आणि चूक रॉटरडॅमला जाऊन उघडी पडते.

तुमच्यासारखी पत्रं याआधीही आली आहेत, बँकिंगवाल्यांची, एसटीच्या तिकिटांसारखी आरक्षणं करणाऱ्यांची. भाषा आणि डेटाबेस वेगळा असला तरी वरचं बहुतेक लागू पडतं. मायएसक्यूएल असेल तर एवढं ध्यानात ठेवा: तिथला टाइमस्टॅम्प सेशनच्या झोनमधून यूटीसीत जातो, डेटटाइम जसाच्या तसा राहतो, आणि टाइमस्टॅम्पची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला संपते. द्राक्षबागेच्या बारा-पंधरा वर्षांच्या कर्जाचे हप्ते त्यात ठेवलेत तर ती मर्यादा आजच आडवी येते.

लीडबद्दल. त्यांना ‘तुम्ही चुकताय’ असं मीटिंगमध्ये सांगू नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, हंगामात त्यांच्यावर निर्यातदारांचे फोन येत असतात आणि त्यांना एक कमी प्रश्न हवा असतो. त्यांच्यासमोर एक पान ठेवा. गेल्या महिन्यातले सगळे बिल्ड, भारतीय वेळेनुसार तासांच्या रकान्यात मांडलेले. आवकेच्या टेस्टचं सगळं लाल बारा ते साडेपाचमध्ये जमलेलं दिसेल. त्याच्या खाली सुपरवायझरांच्या तक्रारीतल्या पेट्यांच्या वेळा, त्याही त्याच साडेपाच तासांतल्या. हे पान बघितल्यावर कोणी ‘रँडम आहे’ म्हणणार नाही.

मात्र स्कीमाला आत्ता हात लावू नका. एप्रिल संपेपर्यंत कॉलमचे प्रकार बदलायचे नाहीत, यावर मी ठाम आहे. झोन नसलेल्या जुन्या टाइमस्टॅम्प कॉलममध्ये कुठल्या ओळी भारतीय वेळेत आणि कुठल्या यूटीसीत लिहिल्या गेल्या हे आधी शोधावं लागेल, कदाचित सर्व्हर बदलला त्या तारखेपाशी रेघ सापडेल. ती न शोधता सरसकट ‘अ‍ॅट टाइम झोन’ लावून बदल केलात तर अर्धा डेटा साडेपाच तासांनी सरकेल आणि कोणता अर्धा हे नंतर कळणार नाही. हे मे महिन्याचं काम, खरड छाटणी उरकून बागायतदार थोडे मोकळे झाले की.

या आठवड्यात तीनच गोष्टी: सुपरवायझरांना तो प्रश्न विचारा, आवकेच्या क्वेरीला झोन स्पष्ट द्या, आणि बीज छापायला लागा. चौथी जमली तर डिलिव्हरीची टेस्ट. ती २९ मार्चच्या रविवारच्या आत लिहून झालेली असू द्या. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतील तेव्हा रॉटरडॅमचं घड्याळ दोनवरून तीनवर जाईल आणि तुमचे काही कंटेनर तेव्हा वाटेत असतील.